मुशीचं तेल आणि दोन कॅलिपर

नूरैन : अरे बोल ना काहीतरी, रघूदादा! ब्रेक फेल झाला होता का?

रघू : फेल न्हाय. धरून बसला. हां हां, हात नको लावू, चटका बसंल! लांबनंच बघ. चाक अजून तापलेलं हाय.

नूरैन : मी पेडलवरनं पाय काढला होता रे! तरी गाडी डावीकडेच खेचत होती. राजपुरीचा उतार, डाव्या हाताला खाली थेट खाडी, आणि मागे शाळेची सगळी पोरं. अफानचा ओठ फुटला, पुढच्या सीटच्या दांड्यावर आपटून. मला वाटलं, संपलं सगळं.

रघू : पानी पी आधी. पोरं घरी पोचली का?

नूरैन : रिक्षा करून पाठवली.

रघू : मग ऐक. चाकाच्या डिस्कला दोन्हीकडनं दाबून धरतो तो ह्यो चिमटा, कॅलिपर. तू पाय काढलास की त्यानं सोडायला पायजे. ह्यो सोडतच न्हाय. डावा पार जाम हाय. उजवा बी त्याच वाटंला लागलाय.

नूरैन : मग बदल दोन्ही. आजच.

रघू : आज पायजेत तर भंगारातल्या गाडीचे जुने मिळतील. न्हायतर अलिबागला बिनकंपनीचे नवे हायत, ते बी आज येतील. कंपनीचे म्हनशील तर परवा.

नूरैन : परवा? उद्या परीक्षा सुरू होतेय पोरांची! व्हॅन आली नाही तर उद्याच दुसऱ्याच्या गाडीत घालतील त्यांना. आधीच कुजबुज असते, बाई गाडी चालवते म्हणून.

रघू : मग जुने लावू. तपासून, साफ करून देतो.

नूरैन : त्यात तुझ्या पोरीला, पूनमला बसवशील?

रघू : असं काय इचारतेस?

नूरैन : विचारतेय. सांग.

रघू : ...न्हाय बसवनार. जुन्याच्या आत काय झालेलं असंल, कुनाला ठाव. आनि त्या अलिबागच्याचा बी मला भरवसा न्हाय.

नूरैन : मग झालं तर. कंपनीचे मागव. पोरं गेली तर गेली दुसऱ्या गाडीत. पुन्हा त्या उतारावर मला असं नको, दादा.

रघू : मागवतो. पन थांब, एक इचारायचंय. खाऱ्या वाऱ्यानं बाहेरनं समद्यांच्याच गाड्या गंजतात. तुझी गाडी तर आतनं बिघडलीय. ही पिन बघ, हिच्यावरच कॅलिपर सरकतो. तिच्यावरची रबराची टोपी कशी फुगलीय, चहात बुडवलेल्या पावागत. आनि वास घे.

नूरैन : शी! मासळी!

रघू : मुशी माशाचं तेल. होडीच्या लाकडाला चोपडतात ना, तेच. लाकडाला बेस. रबराला असलं तेल लागलं की रबर फुगतं, पिन अडकते. गाडीला कुनी लावलं हे?

नूरैन : अब्बा. दर जुम्म्याला नमाजवरून आले की गाडीखाली शिरतात. मला वाटायचं, पुसतायत. या अल्ला! मी तिथे चहा नेऊन द्यायची रे त्यांना, कौतुकाने.

रघू : चाचांना सांगनार?

नूरैन : कसं सांगू? होडी विकून गाडी घेऊन दिली त्यांनी मला. लोक हसले, तर म्हणाले, माझी पोरगी आहे, चालवेल. आता त्यांना म्हणू, तुमच्याच हाताने...? नाही. तू सांग, खाऱ्या वाऱ्याने झालं. पटेल त्यांना.

रघू : मी सांगीन गं. पन नवे बसवल्यावर पुढच्या जुम्म्याला...

नूरैन : कळतंय रे मला!

रघू : ह्या खेपेला पिनंवर गेलं. उद्या डिस्कला घासनाऱ्या प्याडवर गेलं तर ब्रेक लागायचाच न्हाय.

नूरैन : गप्प बस. आलेच ते.

(मोहम्मदचाचा गॅरेजमध्ये येतात. हातात फडक्यात गुंडाळलेली बाटली.)

मोहम्मद : नूरैन! बेटा! लागलं नाय ना कुठं? इकडं बघ माझ्याकडं. अफानच्या घरी जाऊन आलो मी. ओठ सुजलाय, पन कुल्फी खात बसलाय लबाड. रघू, काय झालं रं गाडीला?

रघू : खारा वारा, चाचा. दुसरं काय.

मोहम्मद : तरी म्हनलं! या किनाऱ्यावर लोखंड टिकतंय कुठं? पन मी सोडलं नव्हतं हां. दर जुम्म्याला तेल. रबर उचलून पार आतपर्यंत. म्हनून तर पोरं वाचली आज. उभी हयात दर्यावर गेली माझी, होडीत कधी थेंब शिरला नाय, या तेलावर.

नूरैन : अब्बा...

मोहम्मद : नवे पार्ट येतायत ना? ही घे रघू, ताजं आनलंय. बसवायच्या आधीच चोपड, म्हंजे पयल्या दिवसापासनं...

रघू : नूरैन, तू बोलतेस का मी बोलू?

नूरैन : मी बोलते. अब्बा, बसा जरा.

मोहम्मद : बसायचं काय? बोल की.

नूरैन : वाऱ्याने नाही झालं. तेलाने झालं. लाकडाला चालतं ते, रबराला चालत नाही. रबर फुगलं, म्हणून चाक धरलं. तुम्हाला माहीत नव्हतं, अब्बा. मलापण नव्हतं.

मोहम्मद : माझ्या तेलानं?

नूरैन : हो.

मोहम्मद : अफानचा ओठ...

नूरैन : हो, अब्बा.

मोहम्मद : त्याच्या आईनं आता चहा पाजला मला. म्हनली, चाचा, तुमी गाडीवर नजर ठेवता, म्हनून आमी बिनघोर पोराला पाठवतो.

नूरैन : अब्बा, असं तोंड नका ना फिरवू. बघा माझ्याकडे. मी आहे ना समोर धडधाकट?

रघू : चाचा, गाडीचं काम तुमीच करायचं. रोज सांजचं चाकं गोड्या पान्यानं धुवायची, खार निघून जातो. बाकी काय लावायचं न्हाय.

मोहम्मद : नुसतं पानी?

रघू : नुसतं पानी.

नूरैन : आणि मी आता सगळ्यांना फोन करते. परवापर्यंत गाडी नाही. का नाही, तेही सांगते.

मोहम्मद : फोन नको. मी जातो घरोघर. अफानकडं पयला.

नूरैन : मग मीपण येते. थांबा, ही बाटली राहिली. ठेवू घरी, होडीला लागेल...

मोहम्मद : होडी कुठं हाय आता, बेटा. चल.