टेपमधला खोकला

हॅलो?… हॅलो, इंदे?… व्हय, मीच हाय, तुझी आई. बोल की… यायलाय आवाज. लई लांबून यायलाय, पर यायलाय…

अगं, व्हय म्हणून मघापासून मान हलवायलेय की!… हां, खरंच, तुला कसं दिसंल? बघ, जगदेवप्पा गल्ल्यावर बसून हसायलेत मला… व्हय, त्येंच्याच दुकानात. चारला फोन येणार म्हणून निरोप भेटला, आम्ही दोनलाच कमलनगरात येऊन बसलाव.

तू कुठून बोलायलीस?… घरमालकाच्या घरातून? बरं, बरं. भाईर वाऱ्यात उभी ऱ्हाऊ नको. डोक्याला बांधलीस का?… आन पोरगी?… मांडीवरच हाय? ऐकू दे जरा… हां! आलं, आलं ऐकू! आवाज कसा खणखणीत हाय गं. आज्यावर गेलीय.

दादा?… आलेत की, लेकीचा फोन म्हणून. भाईर कट्ट्यावर बसलेत… न्हाई, आत येईनात. तंबाखू मळायलेत. आल्यापासून तीच एक चिमूट मळायलेत…

रविवारी मी येते ना. सकाळच्या गाडीनं भालकी, भालकीहून हुमनाबाद… नाव ठेवायचं सकाळी कामून ठेवलीस? रविवारी सकाळी मालिका सोडून टीव्हीपुढून कोण उठायचंय? इथं ह्या जगदेवप्पांच्या दारात चपलांचा ढीग पडतोय. दुपारी ठेव…

दादाचं म्हणतीस?… इंदे, दादा न्हाई यायचे म्हणायलेत… अगं ऐक ना… तब्येत धडधाकट हाय… हो, हो… अगं आधी ऐक तर!

तुझं पत्र आलं. गुंडेरावनी वाचलं, आपले ढोलकीवाले. वसरीवर बसून मोठ्यानं वाचलं. पोरगी गोरी हाय, नाक आजीचं हाय… दादा हसायल्ते. आन शेवटाला तू काय लिवलीस? पाळण्याला टेप लावणार हाव, दादांनी गळ्याला त्रास करून घेऊ नये… व्हय, चांगल्या मनानंच लिवलीस गं, मला काय कळत न्हाई का? पर त्येंचं हसू तिथंच थांबलं. पत्राची घडी घातली, खिशात ठेवलं, आन बैलाला पाणी पाजायला जातो म्हणाले. बैलाला मी आत्ताच पाजलं होतं.

रडू नको… तुझा काय दोष? तुला गेल्या भीमजयंतीचं कुणी सांगितलंच न्हाई. मी दवाखान्यात तीन दिवस होते, तवा सांगणार होते, पर बाळंतिणीला कशाला म्हणून गप बसले. आता ऐक.

तीस वर्षं जयंतीच्या राती आपल्या विहारात कोण गायलं? तुझे दादाच ना? आन त्येंची रीत तुला ठाव हाय. म्होरं कोण बसलंय ते बघायचं आन त्याचं नाव गाण्यात घालायचं. राजूबाईचं नाव आलं की राजूबाई लाजून पदर तोंडात धरायची… व्हय, तुझं बी घालायचे, तू चार वर्षांची होतीस तवापासून. तर गेल्या जयंतीला पोरांनी उदगीरहून टेप आणला. ह्ये मोठाले भोंगे. दादा पांढरा सदरा घालून, तुणतुणं मांडीवर घेऊन म्होरं बसलेले. एक कॅसेट सरली की दुसरी, दुसरी सरली की तिसरी. पोरं म्हणाली, तात्याराव, आता तुम्ही आराम करा. वाईट न्हाई बोलली पोरं, मानानंच बोलली. मानानं बोलल्यावर माणूस भांडणार तरी कसं?

टाळ्या बी वाजवल्या गं त्येंनी. टेपला टाळ्या.

घरला आले आन तुणतुणं माझ्या जुन्या लुगड्यात गुंडाळून खुंटीला टांगलं. मी म्हणलं, राग आला का? तर म्हणाले, राग कशाचा, चांगुणा? मिशीन काय वाईट न्हाई, माझ्यापरीस गोड गातंय. पर त्याला म्होरं कोण बसलंय ते ठाव नसतंय… बास. त्या दिवसापासून तोंडातून एक ओळ न्हाई. आंघोळीला बी गुणगुणत न्हाईत. चाळीस वर्षं मी कटकट केली, जरा गप बसा म्हणून, आन आता गप बसलेत तर घर खायला उठायलंय मला…

ऑं?… कोण?… इंदे, मधीच कोण बाई बोलायलीय… हां, ऑपरेटर अक्का! तीन मिनिटं झाली?… व्हय, व्हय, वाढवा… इन्न स्वल्प, अक्का, अजून थोडं! लेकीचा फोन हाय… हां. गेली बाई.

इंदे? हाईस का?… बोल. मी गप बसते, तू बोल…

कसली कॅसेट?… विकतची न्हाई? मग?… तुझ्या मिलिंदच्या पाळण्याची? आपल्या घरी नाव ठेवलं तवाची?… टेप कुठं होता तवा घरात?… जावईबापूंनी आणला होता? मित्राचा? आन कणगीच्या मागं लपवून…

म्हंजे त्या टेपमधी… थांब, थांब… त्या टेपमधी तुझे दादा हायत?

आगं बाई.

न्हाई, न्हाई, रडायले न्हाई मी. डोळ्यात काय तरी गेलंय. अप्पा मिरची पाखडायलेत… चार वर्षं जपून ठेवलीस व्हय?… आन रोज संध्याकाळी लावतीस?… त्याबिगर झोपतच न्हाई मिलिंद?… दादांचा खोकला बी हाय त्यात? तिसऱ्या कडव्यात? व्हय गं, तवा खोकला झाल्ता त्येंना!… आन मिलिंद काय करतोय? तिथं आलं की तो बी खोकतोय?… गाण्यातलाच हाय वाटतंय त्याला? हा हा हा… अप्पा, ऐकलं का ओ, नातू बी खोकतोय म्हणं!

हां, बोल… बाळीसाठी लावलीस? मग?… 'जो जो मिलिंदा' आलं की मिलिंद रडतोय? कामून?… हे माझं नाव हाय, बाळीचं न्हाई म्हणून?… आन टेपला तोंड लावून सांगतोय? आबा, आता बाळीचं म्हणा, आता बाळीचं म्हणा… आन टेप आपलं त्याचंच नाव घेत बसतोय…

अगं मग हे आधी सांगायचं न्हाई का? थांब. धरून ठेव. ठेवू नको हं, इंदे!

अवं!… अवं, ऐकलं का? या की आत… तंबाखू टाका ती… तुमची लेक काय म्हणायलीय ऐका. टेप टेप म्हणून रुसलाव न्हवं? त्या टेपमधी तुम्हीच हाव!… खोटं कशाला बोलू, जयंतीची शपथ. मिलिंदचा पाळणा. जावईबापूंनी कणगीच्या मागून भरलाय. तुमच्या खोकल्यासकट… हसू नका, या. ते लेकरू टेपला तोंड लावून आबा आबा म्हणायलंय आन तुम्ही हितं कट्टा झिजवायलाव… या. चपला ऱ्हाऊ द्या, अप्पा काय म्हणत न्हाईत.

इंदे, आले बघ… काय म्हणायलेत सांगू? तसल्या पाळण्यानं बाळीला झोपवू नका म्हणायलेत. भावाच्या नावावर बहीण कशी झोपंल? तिला तिचा पाळणा पायजे… मग मी बी तेच म्हणायलेय! तुम्हीच सांगा तिला, मला कशाला सांगायलाव? धरा. हे कानाला. हे तोंडाला… असं उलटं न्हाई… हां.

…हॅलो. मी. दादा बोलायलोय… हं… हं… रडू नको, बाई. मला काय म्हाईत होतं?… हं. मिलिंद हाय का जवळ? दे त्याला…

मिलिंद? मी आबा हाय, आबा… न्हाई, टेपमधला न्हाई, खरा… व्हय, खरा बी खोकतो… बाळीचं म्हणू? पर बाळीचं नाव काय?… न्हाई, न्हाई, सांगू नको! इंदे, त्याच्या तोंडावर हात ठेव! आत्यानं कानात सांगायच्या आधी कुणी सांगायचं नसतंय… मग काय? नावाची जागा मोकळी ठेवतो. रविवारी भरू… तुणतुणं न्हाई आणलं. असंच म्हणतो. फोन बाळीच्या कानाला लाव. लावलीस?…

जो जो गं लेकी, दोरीला हात भावाचा,
मिलिंद झोका देई, पाळणा हलं लेकीचा…
जो जो गं… हं हं हं… नाव न्हाई अजून ठाव,
आत्याच्या व्हटावर हाय माझ्या बाईचं नाव…
जो जो गं… जो जो…

थांबलाव कामून? लई गोड म्हणलाव… सगळं दुकान ऐकायलंय, बघा की. गिऱ्हाईक बी उभं ऱ्हायलंय… द्या हिकडं फोन. झोपली का इचारते. तुम्ही बसा त्या पोत्यावर, दम खावा.

हॅलो?… इंदे?… हॅलो?…

इंदे?…

अप्पा, जरा हिकडं या. हळू बोला. ह्यात नुसतं टूं-टूं वाजायलंय ओ… लाईन गेली? कवा गेली असंल?… गाणं चालू असतानाच?… गप. गप बसा, अप्पा. त्येंच्याकडं बघू नका. त्येंना सांगू नका, तुमच्या पाया पडते. वाजू दे टूं-टूं, मी बोलते.

हां, इंदे! बोल, बोल! मधी जरा खरखर होती… काय म्हणलीस? झोपली? दुसऱ्या ओळीलाच?… अवं, झोपली म्हणायलीय! डोळे मिटून गपगार… आन मिलिंद?… मिलिंद रुसलाय? कामून?… आबा ह्या खेपला खोकले न्हाईत म्हणून! हा हा… ऐकलं का? खोकला ऱ्हायला म्हणायलाय नातू… व्हय, व्हय, रविवारी खोकतील म्हणावं. पोटभर खोकतील…

टेप? टेप आण की. पाळण्याजवळच ठेव, दादांचं गाणं भरायला. पर ह्या खेपला कणगीमागं लपवू नका, चांगला म्होरं ठेवा, म्हणावं जावईबापूंना. बाळी मोठी होईल, तिला बी तिच्या नावाचा पाळणा ऐकू दे. आपण काय जलमभर पुरणार हाव का तिला?… हो… हो…

रविवारचं?… थांब, इचारते. अवं, लेक इचारायलीय. येणार न्हवं रविवारी? खुंटीवरचं तुणतुणं काढू का? तार बदलावी लागंल, गुंडेरावकडं असंल बघा…

यायलेत गं, इंदे. मान हलवली त्येंनी… व्हय, आत्ताच. तुला कसं दिसंल?

मला दिसलं. ठेवते.