दारावरची रेघ

—साखर? साखर कोणी सांगितली तुला? मोबाइलवर बघितलंस? तरीच. अगं, द्राक्षं गोड असली तर साखर कशाला, आणि आंबट असली तर ती द्राक्षं आणायचीच कशाला? बस, बस. त्या खुर्चीवर नको, तिचा एक पाय लंगडा आहे— हां, इकडे बस. ती घड्याळं सरकव बाजूला, बिनधास्त सरकव, दुरुस्त झालेलीच आहेत, माणसं न्यायला येत नाहीत. टिकटिक ऐकू येईल थोडा वेळ, मग सवय होते. तर काय म्हणत होतीस— तू आणि तुझ्या तीन मैत्रिणी, एकीच्या गॅरेजात. वा! आम्हीसुद्धा चौघंच होतो. एक मास्तर, शाळेत रसायनशास्त्र शिकवायचे, म्हणजे आमच्यातले सर्वज्ञ, स्वतःच नेमलेले. एक बेकरीवाला, त्याचे हात पिठात आंबलेले, काय फुगलं आणि काय बसलं ते त्याला नुसत्या वासावर कळायचं. मी, कारण तळघर माझं. आणि तुझे बाबा, कारण— कारण तुझ्या बाबांशिवाय मजाच नव्हती, दुसरं काय कारण! शिवाय वायरमन माणूस. पंखा बिघडला, दिवा गेला, पाच मिनिटांत हजर. पहिल्या वर्षीची वाइन बेकरीवाल्याने चाखली आणि म्हणाला, भांडी घासायला बरी आहे. तुझे बाबा म्हणाले, मग मला द्या, आमच्या घरी भांडी मीच घासतो. आणि अख्खा ग्लास प्यायले गं! तोंड वाकडं न करता.

लिहून घेतेस? घे. द्राक्षं धुवायची नाहीत, देठ मात्र एकूण एक काढायचे. मग कुस्करायची. हातांनीच कुस्कर, मिक्सर लावलास तर बिया फुटतात आणि कडूजहर होतं. मग ड्रम. काठोकाठ भरायचा नाही, चौथा भाग रिकामा ठेवायचा, कारण दोन दिवसांत रस आंबायला लागला की साली वर येतात, त्यांचा जाड थर धरतो, हा असा, वीतभर. तो थर दिवसातून दोनदा दांड्याने खाली दाबायचा. नाही दाबला तर वरून सुकतो, बुरशी धरतो, सगळं वाया. आम्ही पाळ्या लावल्या होत्या. सकाळची पाळी माझी, दुपारची तुझ्या बाबांची, जेवणाच्या सुट्टीत यायचे, घरची किल्लीच दिली होती त्यांना. दोन-दोन पायऱ्या एकदम उतरायचे. शर्टाची बटणं कायम एक घर चुकलेली. आम्ही त्यांना धांदल्या म्हणायचो, माहीत आहे ना? वहिनी चिडायच्या सुरुवातीला, मग त्याही म्हणायला लागल्या.

आवाज? कसला आवाज? तुला आला? —नाही, मला वाटलं तुला आला. रस आंबत असताना एक आवाज येतो बघ, बारीक, सळसळल्यासारखा, कोणीतरी बंद खोलीत हळू बोलत असावं तसा. ड्रम जाऊन एकोणीस वर्षं झाली. बेकरीवाल्याने त्याच आठवड्यात सगळं गटारात ओतलं, रडत होता ओतताना. पण मला येतो अजून. रोज नाही. दुपारी येतो, दीड-दोनला. जाऊ दे. चहा घेशील?

हवेचं? हो, ते आलंच पाहिजे, तेच तर मुख्य. तू विचारलंस बरं झालं. रस आंबला की त्यातून एक हवा सुटते. तिला ना रंग, ना धूर. जड असते, जमिनीलगत साचत जाते, तलावात पाणी भरावं तशी, आणि त्यात उतरलेल्या माणसाला कळतसुद्धा नाही. उघड्यावर काही नाही, पण आमचं तळघर सहा पायऱ्या खाली, खिडकी म्हणजे वर एक झरोका. त्यामुळे मास्तरांनी नियम घातला. दार उघडायचं, झरोका उघडायचा, जमिनीवरचा पंखा वीस मिनिटं लावायचा, वीस म्हणजे वीस. मग मेणबत्ती काठीला बांधून खाली सोडायची, अगदी फरशीपर्यंत. जळत राहिली तर उतरायचं, विझली तर परत पंखा. आणि मेणबत्ती जळली की दाराच्या बाहेरच्या बाजूला खडूने एक रेघ मारायची. म्हणजे मागून येणाऱ्याला पुन्हा वीस मिनिटं थांबायला नको. रेघ आहे— उतरा. रेघ नाही— आधी पंखा. आणि काम संपवून दार-झरोका लावताना रेघ पुसून टाकायची. एवढंच. लहान मुलाला कळेल असं. तुझे बाबा हसायचे मास्तरांना, म्हणायचे आमच्या मीटरला फ्यूज असतो, मास्तरांच्या दारूला खडू. पण पाळायचे. हसत हसत पाळायचे.

तुमच्याकडे यंत्र आहे? शिट्टी मारतं? छान. छानच. वापराच ते. —काय म्हणालीस? —हो. हो, तू नाहीच करणार घाई, तुझ्याकडे बघूनच कळतं. आल्यावर चपला कशा ठेवल्यास, बघितलं मी. गॅस दोनदा बघतेस? कुलूप तीनदा ओढतेस? वहिनींनी शिकवलं असणार. “बाबांसारखं करू नकोस”— रोज म्हणायच्या? रोज? सात वर्षांची होतीस तू तेव्हा, नाही का. रोज म्हणायच्या... घाई वाईटच. हो. चहाचं आधण ठेवतो, थांब.

नाही, नको चहा. तू बस. तू बस, मी उभाच राहतो. हे बघ, एक सांगायचं होतं, म्हणजे तुमच्या कामाचंच आहे— खूण ही गोष्ट वाईट. खूण मारणारा माणूस चुकला तर खूण खोटं बोलते. हे मास्तरांच्या नियमात नव्हतं. मास्तरांनी हिशेब धरला तो धांदल्याचा. घड्याळवाला चुकेल हे कोणाच्या डोक्यात येणार? मी! माझ्याकडे माणसं सेकंदाच्या तक्रारी घेऊन येतात. त्या वर्षी आम्ही दुप्पट माल आणला होता, चार मोठे ड्रम. आणि थंडी पडली अचानक. थंडीत रस आंबायचा थांबतो. सकाळी मी पंखा लावला, मेणबत्ती सोडली, जळली, रेघ मारली, उतरलो, साली दाबल्या. बेकरीवाला आदल्या दिवशी म्हणाला होता, ऊब राहू दे खोलीत. म्हणून वर येऊन मी झरोका घट्ट लावला, पंखा बंद केला, दार ओढलं. हात कोपरापर्यंत रसाने चिकट. म्हटलं, या हाताने पुसली तर दाराला लाल डाग पडेल. हात धुऊन येतो आणि पुसतो. दार नुकतंच रंगवलेलं होतं, म्हणून. गेलो हात धुवायला. धुतले. मग दुकान उघडायला गेलो, तिथे गिऱ्हाईक आलं, एक बाई, सासऱ्यांचं खिशातलं घड्याळ घेऊन, जुनं, फार सुंदर काम, मी ते उघडून बसलो. आणि—

हो. तेच सांगतोय मी. रेघ होती दारावर.

तुझ्या बाबांनी घाई नाही केली, बाळ. ते दाराशी थांबले, त्यांनी रेघ बघितली, आणि उतरले. नियम त्यांनी पाळला. आमच्या चौघांत त्या दिवशी नियम पाळणारा तो एकटा माणूस. बटणं चुकलेली असतील, असतील चुकलेली, पण रेघ त्यांनी बघितली असणारच, ते कधी रेघ बघितल्याशिवाय उतरले नाहीत, एकदाही नाहीत. मी किती वर्षं मनात मोजतोय, एकदासुद्धा नाही.

—मग काय? कागदावर काय लिहिलंय? माहीत आहे मला. “हवा न काढता उतरले.” चौकशीचा साहेब दारापाशी उभा राहिला, मास्तरांनी त्याला नियम समजावला, खडू दाखवला, आणि साहेबाने दाराकडे बघितलं. दारावर काही नव्हतं. तो म्हणाला, सरळ आहे. मास्तरसुद्धा म्हणाले, सरळ आहे. गेल्या वर्षी गेले मास्तर, शेवटच्या आजारात मी रोज जायचो, तरी तेच म्हणायचे, “धांदल्याने एवढी एक रेघ मारली असती तर!” मी उशी नीट करायचो त्यांची.

रेघ गेली कुठे? ...कुठे जाणार. खडूच तो. पुसला जातो.

मी पुसली. घाबरलो गं. वाटलं— काय वाटलं, मला माहीत नाही काय वाटलं. काही वाटायला वेळच नव्हता. बाहीने पुसली. नव्या रंगावर खडू चटकन निघतो, डागसुद्धा राहिला नाही.

कधी म्हणजे? त्याच दुपारी. दोनला मी घरी आलो, दार उघडं दिसलं, म्हणून— त्यांना बाहेर काढल्यावर, हो, बाहेर काढल्यावरच, नाहीतर कधी? मी त्यांना ओढून वर आणलं, एकट्याने, सहा पायऱ्या, तुझे बाबा काही किरकोळ नव्हते, मग लोकांना हाका मारल्या, मग...

नाही.

असं बघू नकोस माझ्याकडे. तुझे डोळे त्यांचेच आहेत, मघापासून सांगणार होतो.

वरच्या पायरीवरून मला दिसले ते. खाली, ड्रमला टेकून बसलेले, दांडा हातात. झोप लागल्यासारखे. मी हाक मारली. उतरणार होतो, पण आधी मोकळा श्वास भरून घ्यायला हवा, तेवढं भान होतं, म्हणून मागे वळलो. वळून बाहेर आलो तर तोंडासमोर दार. दारावर माझी रेघ. आणि मी ती पुसली. नीट पुसली, वरून खाली. मग श्वास घेतला आणि मग उतरलो. आधी रेघ. मग तुझे बाबा. चौदा सेकंद. मी घड्याळवाला आहे, मला कळतं. डॉक्टर म्हणाले, जाऊन अर्धा तास तरी झाला होता. मी त्यांना तीनदा विचारलं, वेगवेगळ्या दिवशी, तिन्ही वेळा अर्धा तासच म्हणाले. पण पुसताना मला ते माहीत होतं का? नव्हतं ना! पुसताना ते माझ्यासाठी जिवंतच होते. वाचवण्यासारखे होते. आणि मी दार पुसत होतो.

तुझी आई आली होती इथे महिन्याभराने. तुला शेजारी ठेवून आली होती. याच दारात उभी राहिली, आत येईना. म्हणाली, “भावजी, यांच्या घाईपायी तुमच्या घराला बट्टा लागला, साहेबांनी तुम्हाला चार-चारदा बोलावलं, माफ करा.” माझी माफी मागितली गं तिने. हात जोडून. आणि मी म्हणालो, “असू दे वहिनी.” असू दे! एकोणीस वर्षांत मला दुसरं वाक्य सुचलं नाही त्याच्यापुढे.

मी रोज उतरतो तळघरात. हसशील. तिथे काही नाही आता, रिकामी खोली आहे, तरी झरोका उघडतो, वीस मिनिटं पंखा लावतो, मेणबत्ती सोडतो. जळते. मग रेघ मारतो. आणि दुपारी बरोबर वेळेवर पुसतो, हात कोरडे करून पुसतो. कधी कधी पुसायला गेलो की वाटतं, आत्ताच कोणी खाली गेलं, दोन-दोन पायऱ्या. मग मी पुसत नाही. उभा राहतो तिथे. उगाच उशीर होतो, दुकानात माणसं खोळंबतात.

रडू नकोस. रडतेस का? नाही? मग काहीतरी बोल ना. शिव्या दे. —आईला? नाही, आईला कुठे माहीत असणार. तू सांगू नकोस तिला. या वयात कशाला... म्हणजे, हो, तिलाच आधी सांगायला हवं होतं, कळतं मला. बघू. सवडीने सांगतो. येईन मी एकदा तुमच्याकडे, पुढच्या आठवड्यात, वाटलं तर रविवारी— काय करतेस? फोन ठेव. कोणाला लावतेस? ठेव तो, माझं ऐक, मी सांगेन म्हणालो ना. नको, माझ्या हातात नको देऊस. अगं, वाजतोय—

हॅलो. ...हो वहिनी, मीच. ...हो, आलीये, समोरच आहे. ...छे छे, त्रास कसला. ...हो, जेवलो. ...वहिनी, तुम्ही उभ्या आहात का? जरा बसून घ्या. ...नाही, ती बरी आहे. तुम्ही बसा आधी. ...बसलात?