पाचव्या गाण्यातली टाळी

— …‘हा अल्बम जुन्या डान्स हॉलची आठवण काढत बसत नाही. तो आपल्याला हाताला धरून नेतो आणि तिथल्या फरशीवर उभं करतो.’ कसं वाटतंय, बाबा?

— ‘हाताला धरून’ काढ.

— का?

— हॉलमध्ये कोणी कोणाला हाताला धरून नेत नाही. ढकलाढकली करतच आत शिरतात सगळे.

— बरं, काढलं. तुम्ही संपादक व्हायला हवं होतं.

— दारावर उभं राहून तेच केलंय. कोण आत, कोण बाहेर. वाच पुढे. चारला द्यायचंय ना तुला?

— चारला. आत्ता अडीच झालेत, म्हणजे निवांत. ऐका. ‘सव्वीस वर्षांच्या एका मुलाने भाड्याच्या खोलीत बसून, स्वतःच्या जन्माआधीची यंत्रं जमवून ही आठ गाणी केली आहेत. सिंथेसायझर जुने, ड्रम मशीन जुनं. पण या अल्बममध्ये सगळ्यात जिवंत काही असेल, तर ती टाळी.’

— टाळी म्हणजे?

— नाचाच्या गाण्यात ठेका असतो ना, एक धप्प, एक टाळी, परत धप्प, परत टाळी. ती टाळी एरवी मशीनमधून येते, कोरडी ठाक. याने खऱ्या माणसांची वापरलीय. ‘पाचव्या गाण्यात ती पहिल्यांदा येते. एका हाताची नाही, बऱ्याच हातांची. आणि प्रत्येक टाळीच्या केसभर आधी धातूची एक बारीक टिक. ती कशाची, ते कळत नाही. पण त्या आवाजामुळे यंत्राच्या ठेक्यात अचानक माणूस दिसतो.’ खरंच, चार दिवस मी तेवढंच ऐकतेय.

— कुठून आणली त्याने ती?

— जुन्या बाजारातून. कॅसेटचं एक खोकं मिळालं त्याला. कुठल्याशा हॉलची शनिवारची रेकॉर्डिंगं. वर नाव नाही, नुसत्या तारखा. गर्दी, शिट्ट्या, टाळ्या, सगळं त्यातून उचललंय.

— तारखा कुठल्या?

— ते नाही विचारलं. का?

— सहज. वाच.

— वाचून किती सांगणार, बाबा? अठरा वर्षं माझी परीक्षणं ऐकताय, पण माझ्याबरोबर गाणं एकही ऐकलं नाहीत. हे तर तुमच्या काळातलं आहे. अर्धा मिनिट फक्त.

— मला नको.

— लहानपणीही हेच. आईने रेडिओ लावला की तुम्ही चपला घालून बाहेर. माझ्या मैत्रिणी विचारायच्या, तुमच्याकडे कोणी वारलंय का?

— एकोणीस जण वारले होते.

— हॉलच्या आगीचं माहीत आहे मला. पण सदतीस वर्षं झाली त्याला. आणि तुम्ही तर सहा जणांना ओढून बाहेर काढलंत. इतरांचं आयुष्यभर किती मनाला लावून घ्यायचं?

— लाव.

— काय?

— लाव म्हटलं ना. पाचवंच लाव.

(लॅपटॉपवर गाणं सुरू होतं. ठेका येतो, मग टाळी.)

— बंद कर.

— थांबा, आता ना तो सिंथ हळूहळू—

— आधी बंद कर ते.

— केलं, केलं. काय झालं? पाणी आणू?

— पाण्याचं सोड. एक सांग मला. ही टाळी त्याने वेगळी कशी काढली? मागे हॉलमधलं गाणं वाजत असणार ना?

— नव्हतं वाजत, तेच तर त्याचं नशीब. मागे गाणं असतं तर टाळी सुटी करताच आली नसती. त्याने सांगितलं मला. एका कॅसेटवर गाणं मध्येच बंद पडतं, लोक ओरडतात, पण टाळ्या चालूच राहतात. म्हणाला, वीज गेली असणार आणि लोकांनी नाच काही थांबवला नाही. मी त्यावरच शेवट केलाय. ‘वीज गेली तरी ठेका न सोडणारी माणसं.’

— ते खोड.

— का?

— त्या टाळ्या नाहीत.

— मग काय आहे?

— सरकतं शटर आहे. मागच्या दाराचं.

— बाबा, काहीतरीच काय. पत्रा असता तर खणखणला असता.

— आतून लाकडी फळ्या मारल्या होत्या त्याला. आवाज बाहेर गेला की शेजारी तक्रार करायचे म्हणून. दोन दिवस बसून मीच मारल्या. फळ्या धरायला मधोमध एक लोखंडी पट्टी होती. टिक आहे ती अंगठीची. आधी अंगठी पट्टीला लागते, मग तळहात फळीवर पडतो.

— असे हॉल तेव्हा गल्लोगल्ली होते.

— शनिवारी रेकॉर्डिंग करणारा एकच होता. मागच्या दाराच्या बरोब्बर वर सज्जात बसायचा. मशीन बॅटरीवरचं. त्याच्या सज्जाला बाहेरून वेगळा जिना होता, तो मशीन काखेत मारून उतरला. पुढे भेटला तेव्हा म्हणाला, कॅसेट जाळून टाकली. नसणार जाळली.

— पण मागचं दार तर उघडं होतं.

— हं.

— हं काय, बाबा? कॉलेजात असताना मी चौकशीचा अहवाल वाचलाय. ‘मागील दार पूर्णपणे उघडे होते. घाबरलेले लोक विरुद्ध दिशेला धावले.’ खाली तुमची साक्ष आहे.

— आहे.

— उघड्या दारावर कोणी हात मारत नाही.

— नाही मारत.

— मग?

— बंब आले तेव्हा ते उघडं होतं. तोवर मी उघडलं होतं.

— तोवर म्हणजे कधी?

— ठोकणं थांबल्यावर.

— नीट सांगा मला. पहिल्यापासून.

— पहिल्यापासून सांगायचं, तर पोरांची ती दर शनिवारची मस्ती होती. एक ठरलेलं गाणं होतं. ते लागलं की आतून शटरवर ठेक्यात हात मारायचे, मला छळायला. मी उघडलं की आतले हसत पळायचे आणि बाहेरचे चार फुकटे आत घुसायचे. मालक मलाच झापायचा. शेवटी त्याने हुकूम काढला, त्याला विचारल्याशिवाय शटर उघडायचं नाही.

— आणि त्या दिवशी?

— त्या दिवशी तेच गाणं लागलं होतं. हात पडायला लागले. मी बाहेर स्टुलावर बसलेलो. मला वाटलं, आज कार्टी जरा जोरात आहेत.

— ओरडणं नाही ऐकू आलं?

— आलं की. नाचताना ओरडतातच.

— मग तुम्हाला कसं कळणार होतं, बाबा?

— माझा पाय हलत होता.

— म्हणजे?

— ठेका धरला होता मी. आत ते ठोकत होते आणि बाहेर मी पायाने साथ देत होतो.

— अहो बाबा…

— तुझ्या त्या पोराला दोष देऊ नकोस. त्याला टाळी वाटली. मलाही टाळीच वाटली होती.

— मग गाणं बंद पडलं.

— वीज गेली, गाणं थांबलं. ठोकणं थांबलं नाही, पण त्यात ठेका राहिला नाही. कसेही पडत होते हात. याच्या गाण्यात बघ, सगळे कसे वेळेवर पडतात.

— ते तो कॉम्प्युटरवर सरळ करतो. सगळेच करतात.

— सफाईने केलंय.

— तेव्हा उघडलंत ना तुम्ही? गाणं थांबलं, तेव्हा?

— किल्ली खिशात होती.

— आणि?

— मी विचारायला गेलो.

— कोणाला?

— मालकाला. तो पुढच्या दाराशी असायचा. गल्लीतून पूर्ण वळसा घालून जावं लागायचं. तिथे धूर, माणसंच माणसं. मालक कुठे सापडेना. याला विचार, त्याला विचार. कोणी म्हणे आत गेला, कोणी म्हणे गाडीत बसून गेला. परत आलो तेव्हा इकडे शांत होतं. मग उघडलं.

— विचारल्याशिवायच.

— हो. विचारल्याशिवायच. दाराला टेकून पडले होते, एकावर एक. त्यातले सहा श्वास घेत होते, त्यांना ओढलं. तेवढ्यात पेपरवाला आला आणि त्याने फोटो काढला.

— तो फोटो मी शाळेत नेला होता. सगळ्या वर्गाला दाखवला होता.

— माहीत आहे.

— किती वेळ गेला मध्ये?

— घड्याळ नव्हतं बघितलं. त्याच्या कॅसेटवर असेल.

— साक्ष का तशी दिलीत?

— मालकाच्या वकिलाने विचारलं, दार उघडं होतं का. मी हो म्हटलं. शेवटी उघडं होतंच ना. एकदा हो म्हटलं, मग प्रत्येक जागी तेच. तू चार वर्षांची होतीस, मालकाने दुसरीकडे दिलेली नोकरी गेली असती, हे सगळं खरं आहे. पण ते मागाहून सुचलं. त्या वेळी नुसती भीती वाटली.

— आईला माहीत होतं?

— तिलाही उघडंच सांगितलं.

— त्या एकोणीस जणांच्या घरच्यांना काय सांगितलं गेलं, कळतंय का तुम्हाला? की तुमची माणसं उलटीकडे पळाली. समोर दार उघडं असून त्यांना दिसलं नाही. मेलेल्यांच्या माथी मारलंत तुम्ही.

— एक बाई यायची बघ घरी, दरवर्षी. मुलगा गेला तिचा, सूनही गेली.

— निळ्या पिशवीवाल्या आजी? मला खाऊ आणायच्या त्या?

— त्याच. दरवेळी एकच विचारायची. एवढं मोठं दार, माझ्या पोरांना दिसलं कसं नाही? मी म्हणायचो, धुरात नाही दिसत, वहिनी. मग चहा घेऊन जायची.

— आहेत का त्या?

— आहे. गुडघे धरलेत म्हणून येत नाही. फोन करते.

— आणि फोनवर काय विचारतात?

— तेच.

— आणि तुम्हीही तेच सांगता.

— रडतेस काय? सव्वातीन झाले. तुझं चारचं राहील.

— परीक्षण नाही जाणार.

— अल्बम चांगला आहे म्हणालीस.

— चांगलाच आहे, तेच तर वाईट आहे. परवा येतोय बाजारात. महिन्याभरात हे गाणं लग्नात वाजेल, जिममध्ये वाजेल. लोक त्या ठोकण्यावर हात वर करून नाचतील. थांबा, त्याला फोन करते… हॅलो. हो, मीच. एक विचारायचं होतं, ज्या कॅसेटवरून टाळी घेतलीत, तिच्यावर तारीख कुठली आहे?… परत सांगा… बरं. ती कॅसेट कोणाला देऊ नका. पुसू नका, परत वाजवूही नका… नाही, परीक्षणाचं नाही. सांगते नंतर. आज बाकी काही करू नका, प्लीज.

— काय म्हणाला?

— तीच तारीख आहे.

— आणखी काही?

— विचारत होता, पाचवं गाणं आवडलं का.

— घे मग लिहायला. मी सांगतो.

— मला नाही लिहिता येणार हे.

— का? आजवर कोणाची भीड ठेवली नाहीस तू.

— तुमची ठेवीन. एखादं वाक्य मऊ करीनच. मघाशी लगेच म्हणून बसले ना, तुम्हाला कसं कळणार होतं. आणि मुलीने लिहिलेलं कोणी खरं धरणार नाही.

— मग कोण लिहिणार?

— आमच्याकडे कोर्टाच्या बातम्या करणारी एक बाई आहे. एकच प्रश्न पाचदा विचारते. कोणाकडे पाण्याचा घोटसुद्धा घेत नाही.

— ती बरी.

— पुढे काय होईल, मला नाही सांगता येणार. मालक मरून गेला, वकील गेला. उरलात तुम्ही. नाव येईल, तुमचा तो जुना फोटो परत छापतील, खाली वेगळी ओळ असेल.

— असू दे.

— आणि आजींना पेपरातून कळता कामा नये.

— तिला मी सांगतो.

— फोनवर?

— नाही. जाऊन. तू सोबत ये, पण दाराबाहेर थांब.

— बरं. मग आज तुम्ही पडा जरा. रंग बघा चेहऱ्याचा. त्या बाईला मी उद्या सकाळी—

— आज बोलाव.

— बाबा, एका दिवसाने काय होणार आहे? सदतीस वर्षं गेलीच ना?

— म्हणूनच. आत्ता बोलाव. उद्या मी पुन्हा म्हणेन, दार उघडं होतं.