दरमहा निरंक

माझा जन्म सोलापूरचा, पूर्व भागातला. वडील यंत्रमागावर, आई विड्या वळायची. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, असं आमचं. वडिलांना आम्ही नायना म्हणतो, ते मला अम्मा म्हणतात. आमच्या सगळ्या गोतावळ्यात कॉलेजला गेलेली मी पहिली, बी.कॉम. झाले, आणि हे मी मोठ्यानं सांगते, त्यात लाजायचं काय आहे. निकाल लागला तेव्हा नायनांनी गल्लीभर पेढे वाटले, ते डाव्या हातानं, कारण उजव्या हाताची दोन बोटं नव्हती आणि पेढा निसटायचा. एका म्हातारीनं टोकलं, डाव्या हातानं काय देतोस रे, तर म्हणाले, घे की आजी, पेढ्याला कुटं कळतंय.

ती बोटं कशी गेली ते आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. मी तेव्हा शाळकरी होते. नायनांचा हात चालू मागाच्या पट्ट्यात गेला. मालकांनी स्वतः रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, सगळं बिल भरलं, आईला म्हणाले, वहिनी, काळजी करू नका. मालक वाईट नव्हते हो, हेच तर अवघड आहे. माणूस वाईट असता तर भांडता आलं असतं. आता आमच्याकडची रीत काय, तर मागावर कुणाला लागलं की तो माग बंद ठेवायचा. मग ज्याला लागलं त्यानंच येऊन मागाला हळदकुंकू लावायचं, नारळ फोडायचा, आणि माग पुन्हा चालू. नारळ फोडला की विषय संपला. त्यानंतर त्या दुखण्याचं नाव काढायचं नाही, काढलं तर मागाला बोल लावल्यासारखं, आणि पुन्हा तसंच होतं म्हणतात. नायना पट्टी बांधलेला हात गळ्यात अडकवून गेले, डाव्या हातानं कुंकू लावून आले. पुढं त्यांना टॉवेलच्या घड्या घालायचं काम मिळालं, पगार कमी. दर दसऱ्याला मालकांकडून मिठाईचा पुडा यायचा, मालक गेले, त्यांच्या मुलाकडून अजून येतो.

तर लग्नानंतर मला कंत्राटावर नोकरी लागली. सरकारनं एक कक्ष काढला होता. कामगाराला कामावर लागलं तर विम्यातून भरपाई मिळते, त्या विम्याची माहिती कारखानदार आणि विमा कंपन्या खरी देतात का, हे तपासायचं. कुठल्या कामात किती धोका हे त्याच्यावरून कळणार, हप्ताही त्याच्यावरूनच ठरणार. एक खोली, दोन कॉम्प्युटर, भाड्याची जीप. आमचे चव्हाणसाहेब केम गावचे, बोलायला अगदी गावाकडचे, पण कामाला पक्के. आम्ही कारखान्या-कारखान्यात जायचो, विचारायचो, या महिन्यात कुणाला लागलं का? मालक म्हणायचा नाही. कामगाराला विचारलं तर तो मागाकडं बघायचा आणि म्हणायचा नाही. मग मी टाईप करायची, निरंक. दर महिन्याला, सगळीकडं, निरंक. जीपवाले रफिकभाई चिडवायचे, मॅडम, इत्ता डिझेल जलाके हम लोग लारे क्या, तो निरंक. हसायचो आम्ही. मला दिसायचं की, तुटक्या बोटांची माणसं समोर उभी असायची. विचारलं तर कुणी दारात सापडलं म्हणायचं, कुणी जन्मापासून. माणूस कबूल करत नाही तर मी काय लिहिणार?

काय सांगू तुम्हाला, मग मुंबईहून चौकशी आली. जनतेच्या पैशातून एवढा खर्च, आणि अपघात तर एकही दिसत नाही, मग हा कक्ष कशासाठी, असा प्रश्न होता, आणि प्रश्न वरवर बघितला तर बरोबरच होता. एक अधिकारी बाई यायच्या होत्या. चव्हाणसाहेब मला म्हणाले, बाई, एक माणूस पायजे, जो सोताच्या तोंडानं म्हणंल मला मागावर लागलंय. एक जरी बोलला तर मी हे ऑफिस वाचवतो. कामावरच्या माणसाला आणता येत न्हाय, त्याची भाकरी जाईल. तुमचे वडील रिटायर हायत, त्यांना आता कोण काय करणार?

मी घरी येऊन नायनांना सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, कुठला शर्ट घालू. मी पांढऱ्या शर्टाला इस्त्री केली. मला वाटलं, झालं काम.

त्या बाई चांगल्या होत्या, नायना ऑफिसात आल्यावर स्वतः उठून त्यांना खुर्ची दिली. नायना बसले आणि खांद्यावरचा टॉवेल काढून उजव्या हातावर टाकला. बाईंनी हळू आवाजात विचारलं, बाबा, हाताला काय झालंय? नायना म्हणाले, काही नाही बाईसाहेब, जन्मापासून असाच आहे. मी उठून सांगितलं, हे माझे वडील आहेत, हात मागात गेलाय, पट्टी बांधून घरी आलेले मी लहानपणी डोळ्यानं बघितलेत. बाई म्हणाल्या, ताई, मला पटतंय, पण त्यांचा नकार असताना तुमचं कसं लिहू? चव्हाणसाहेब खिडकीतून बाहेर बघत राहिले.

परत येताना आम्ही रिक्षा केली. घर जवळ आल्यावर नायना म्हणाले, अम्मा, नारळ फोडलाय ग. माझ्या हातानं कुंकू लावलंय.

कक्ष बंद झाला. लोक म्हणाले, बरं झालं, सरकारचा पैसा वाचला. मी स्पष्ट बोलते, राग येऊ द्या. त्या खोलीवर खर्च झाला हे खरं आहे. पण ज्याचा हात जातो त्याचा खर्च काय कारखान्यातच राहतो का? तो सरकारी दवाखान्यात जातो, रेशनच्या दुकानात जातो, त्याची पोरगी शाळा सोडून विड्या वळायला बसते. ते सगळं कोण भरतंय? तुम्ही-आम्हीच की. फक्त त्याची पावती फाटत नाही, म्हणून ते दिसत नाही.

मी आता एका दुकानात हिशेब लिहिते. मध्यंतरी आमच्या शेजारच्या नरसय्याला कारखान्यात मागाचा धोटा, सूत घेऊन आडवा पळणारा तो लाकडी तुकडा, उडून लागला, डोळा गेला. दवाखान्यातून तो सरळ आमच्या दारात आला. अक्का, तुझं ते ऑफिस कुठं होतं? म्हटलं, बंद झालं रे. तो म्हणाला, जाऊ दे मग, उद्या मालकानं नारळ फोडायला बोलावलंय. नायना उंबऱ्यात बसले होते, ऐकायला कमी येतं त्यांना, पण हे ऐकलं. म्हणाले, नरसय्या, नारळ फोडू नको.

तो गेला नाही. मी त्याला घेऊन भरपाईसाठी अर्ज केला. सुनावणीत समोरचा वकील म्हणाला, या कारखान्यात धोटा उडून कधी कुणाला लागल्याची नोंदच नाही, सगळी माहिती निरंक आहे, मग ह्याचंच कसं खरं मानायचं? त्यानं पुढं केलेले ते कागद मी ओळखले. माझेच टाईप केलेले.

पुढच्या तारखेला मी येतो, नोंद नसली तरी मागावर लागतं हे हात दाखवून सांगतो, असं नायना म्हणतात. त्यांना आता जिना चढवत नाही, आणि इतक्या वर्षांनी तो हात कुणी पुरावा म्हणून बघेल का, मला माहीत नाही. आमच्या वकिलाला विचारलं तर तो नुसता हसला. पण पांढऱ्या शर्टाला मी इस्त्री करून ठेवली आहे.