बांधीतली मासोळी आन् मस्कतचा व्हिसा

आमी आसगावकडचे ढिवर. तलावात जाळं टाकणं हाच बापजाद्यापासूनचा धंदा, आन् घरात बी.ए. झालेला मी पयला. बाबानं पाण्यात उभं राहून राहून मले शिकवलं, ते उपकार मी कवाच विसरत नाई. पण काय सांगू तुमाले, डिग्री घेऊन बी मी घरीच बसून होतो, आन् बाबाचे गुडघे धरले होते. तवा नागपूरच्या एका एजंटानं मस्कतले गोदामात कारकुनाची नोकरी जमवली. व्हिसाले पोलिसाचा दाखला पायजे होता, आन् माह्या नावावर तर चोरीची शिक्षा होती.

चोरी कायची, तर मासोळीची. आमच्याकडं तलाव सांडला का पाण्यासंगं मासोळी धानाच्या बांधीत, म्हणजे शेतात, येते, आन् बांधीतली मासोळी ज्यानं धरली त्याची, मंग तलावाचा ठेका कोणाचा बी असो. मी कॉलेजात होतो त्या साली ठेकेदार बाहेरचा आला, त्यानं मासोळी धरणाऱ्या आमा काही जणावर चोरीची फिर्याद केली. कोर्टात साहेबानं इचारलं, गुन्हा कबूल आहे का. इकडं रोवणा, म्हणजे धानाची लावणी, चालू, पुढची तारीख पडली तर धानाचे परे, रोपं, तसेच राहतीन, म्हणून सारे एका सुरात म्हणाले, कबूल. दंड भरला आन् दिवस बुडाच्या आधी सारे बांधीत रोवणा लावून राहिले होते, मी बी. कबूल म्हणलं का ते जन्मभर अंगाले चिकटते, हे कोणाले ठाऊक होतं.

भंडाऱ्याच्या पोलीस कचेरीतला बाबू म्हणे, चोरीवाल्याले परदेशात कोण बोलावते. एजंट म्हणे, व्हिसाच्या अर्जात शिक्षा झाली काय या प्रश्नापुढं नाही लिहा, कोण पाहाले येते. पण खोटं लिहून तिकडं पकडलो तर मी कुठचाच राहिलो नसतो. मी हो लिहिलं. बाबा चिडला, म्हणे, हातची नोकरी घालवली.

मंग फौजदार चौकशीले गावात आला. पोलीस पाटलाच्या ओसरीवर बसून म्हणे, याच्यासंगं चोरीत कोण कोण होतं. पाटील पानाले चुना लावता लावता म्हणे, मी होतो ना साहेब. फौजदार म्हणे, मस्करी करून राहिले काय. पाटील म्हणे, मस्करी कायची, माह्या टोपल्यात याच्याहून मोठी मासोळी होती. मंग ओसरीपाशी जमलेल्या बाया म्हणाल्या, आमचे मालक बी होते, लिहा. आन् बाबा, जो साहेबापुढं कधी तोंड उघडत नाई, तो म्हणे, साहेब, मी कबूल म्हण म्हणलो म्हणून पोरगा म्हणला, लिहाचं तर माह्यं नाव लिहा.

फौजदारानं कपाळाले हात लावला, पण घडलं तसं सारं रिपोर्टात लिहिलं, आन् तो रिपोर्ट जोडून मले दाखला भेटला. मुंबईले व्हिसावाल्या साहेबानं तो कागद दोनदा वाचला. तो म्हणे, उस मछली का क्या किया. मी म्हणलो, खा गए साब. तो हासला, आन् शिक्का मारला.

आता सुटीवर येतो तवा बाबा पारावर बसून दिसते, पाण्यात उतरत नाई. त्या दिवशी जे जे मी बी होतो म्हणाले, त्याइच्या लेकराबाळाइचं भलं होवो. आनखी काय मांगू.