लक्ष्मणफळाचा काढा आणि माझा स्वभाव

...आणि वर मलाच विचारतात, "चिडलात का?" अहो, कुठे चिडलोय? मी शांत आहे! तुम्हाला सांगतो, मला मुळात रागच येत नाही... फक्त शेजारच्या ड्रायव्हरसाहेबांचं ते लक्ष्मणफळाचं झाड दिसेपर्यंत! झाड त्यांच्या अंगणात, पानं आमच्या! जन्मभर बस वळवली या माणसाने, एक फांदी वळवता येऊ नये? रोज सकाळी मी झाडू घेऊन भिंतीशी, ते चहाचा कप घेऊन पलीकडे, आणि मग अशी जुंपायची की कोपऱ्यावरच्या न्हाव्याचा वस्तरा गालावरच थांबायचा!

तर आली माझी मेहुणी. "भाऊजी, याच पानांचा काढा घ्या ना, मन शांत होतं म्हणतात." झालं! बायकोने लगेच पातेलं चढवलं. चव? ओला पुठ्ठा उकळून प्यावा तशी! पण प्यायलो हो... आणि गंमत बघा, पान पडलं की मला आनंदच व्हायला लागला! फुकटचं औषध! मुकाट्याने वेचायचं, पलीकडे बघून गोड हसायचं, आत जायचं. शांत!

पण तिकडे ड्रायव्हरसाहेब कोमेजले ना! त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, आमच्या दारात, डोळ्यांत पाणी... "भाऊजी, आमचं काही चुकलं का? हे धड जेवत नाहीत. म्हणतात, तो माझ्याकडे बघून हसतो, म्हणजे मनातून फार दुखावलाय. जरा भांडा ना यांच्याशी!" आता यावर काय बोलायचं? म्हटलं, "वहिनी, मी शांत आहे."

आणि दुसऱ्या दिवशी बघतो तर काय... झाडाखाली करवतवाला! ड्रायव्हरसाहेब पडेल आवाजात म्हणतात, "तोडून टाकतोय. तुमचा त्रास संपला."

तोडताय? माझं झाड? माझं औषध? अहो, मी एक तंगडी टाकून भिंतीवरच चढलो! "खबरदार पानाला हात लावाल तर! झाड काय तुमच्या बापाचं आहे?"

"हो, बापानेच लावलंय!"

"मग तोडायला लाज नाही वाटत?"

"आधी माझ्या भिंतीवरून उतरा!"

"नाही उतरत! काय करायचं ते करा!"

काय सांगू, ड्रायव्हरसाहेबांची मिशी अशी टवटवीत झाली! मलाही छातीत कसं मोकळं मोकळं वाटलं! करवतवाला बिचारा कंटाळून निघून गेला. झाड वाचलं हो, झाड वाचलं!

आता रोज सकाळी आधी भांडण, मग भिंतीवर दोन कप काढा, एक त्यांना, एक मला. फक्त ओरडून ओरडून माझा घसा बसलाय, म्हणून तर तुम्हाला इतकं जवळ बोलावलं. घरात शिरलो की शब्दच फुटत नाही... आणि बायको फोनवर मेहुणीला सांगते, "अगं, काय गुण आला तुझ्या काढ्याचा! हल्ली हे घरात चकार शब्द काढत नाहीत!"

आता बोला! म्हणजे तुम्हीच बोला... मी शांत आहे.