सहा कुंड्यांची पानं

मंडळी, कामं टाकून तुम्ही सगळे इथे, आपल्या बिल्डिंगच्या आवारात, काकांच्या शोकसभेला आलात. सोळा वर्षं काकांच्या शेजारी राहते म्हणून मला बोलायला सांगितलं. मी शाळेत शिकवते, बोलणं रोजचंच. आज ते जड जातंय. कारण मला काकांचं कौतुक करायचं नाही. एक कबुली द्यायची आहे.

काका लूमवर, यंत्रमागावर, कामाला होते. ड्युटीवरून आले की चहाच्या आधी आमच्या सामाईक गॅलरीतल्या सहा कुंड्या. त्यात मे फ्लॉवरचे कंद. गणेशपुरीजवळच्या त्यांच्या गावाहून एसटीत मांडीवर ठेवून आणलेले. वैशाखात लाल चेंडू फुलायचे. आपण सगळे फोटो काढायला जायचो. फुलं वाळली की कुणी फिरकत नसे. काकांचं काम तेव्हा सुरू व्हायचं. वाळलेला दांडा तेवढा कापायचे. पानांना कात्री लावायची नाही. लूममधून उडणारी कापसाची धूळ पानांवर बसते. ती दर आठवड्याला ओल्या फडक्याने पुसायचे. एकेक पान.

मी चिडवायचे, "काका, फूल गेलं. आता कशाला एवढे लाड?"

"मास्तरीणबाय, पावना गेला म्हनून चूल इझवतेस काय? घरच्यांना जेवायचं हाय. पान रांधतंय, कंद जेवतोय. पुढच्या सालाचं फूल आताच शिजतंय."

श्रावणात काकांना दवाखान्यात नेलं. खुर्चीत बसवून जिन्यावरून उतरवत होते. तेव्हाही मला म्हणाले, "पानं पूस. कापू नको. पिवळी पडली का पानी बंद कर."

मी हो म्हटलं.

दोनदा पुसली. मग नाही. वेळ होता, तरी नाही. पानं राखाडी झाली, कुंडीबाहेर लोळली. गणपतीला माझ्याकडे पाहुणे यायचे होते. गॅलरी वाईट दिसत होती. मी कात्री घेतली. सहाही कुंड्यांची पानं बुडापासून कापली. पाच मिनिटं लागली.

दिवाळीत लेकीच्या घरून काकांचा फोन आला. "पानं पिवळी पडली का गं?"

"नाही काका. हिरवीगार आहेत."

"एकबी पिवळं न्हाय?"

"एकही नाही."

काका "बरं," म्हणाले. मग माझ्या मुलाच्या परीक्षेचं विचारलं.

पंधरा दिवसांनी तळमजल्यावर एक कुंडी दिसली. काकांनीच दिलेला कंद. पानं पिवळीजर्द. दिवाळीपर्यंत ती पिवळी पडायला लागतातच, दरवर्षी. सोळा वर्षं मी ते पाहिलंच नव्हतं. काकांना मात्र माझ्या पहिल्या वाक्यालाच कळलं असणार. तरी "बरं".

तेव्हा मी फोन करायला हवा होता. काका होते. रोज म्हणायचे, उद्या करते. गेल्या आठवड्यात काका गेले.

सुनंदा, काल तू माझे हात धरून म्हणालीस, "बाबांच्या कुंड्या तुम्ही सांभाळल्यात." मी गप्प राहिले. तुझ्या वडिलांशी बोलले, तेच खोटं तुझ्याशीही.

मंडळी, येत्या वैशाखात फूल येणार नाही. तेव्हा कुणी म्हणू नका, की झाड काकांच्या मागे गेलं. ते माझ्यामुळे उपाशी राहिलं. पानं आली, तर मी पुसेन. त्याने झालेलं भरून निघत नाही.

आता दोन मिनिटं उभं राहू या. पलीकडचे लूम चालूच राहतील. राहू देत. काकांना त्या आवाजाची सवय होती.

काका, पानं हिरवी नव्हती. मी कापली होती.